घरांतील यंत्रें : न टिकणारा चोक

गेल्या पौषांत आमच्या अंबापेठेंतील घरीं एक प्रसंग घडला. त्यांत एका क्षुद्र चकतीचा आणि घरांतील वडील माणसाच्या जिवाचा संबंध आला, म्हणून तो येथें सांगतों.

माझा पुतण्या अकोल्यास नोकरीस आहे. पहांटे तो मोटारसायकलीनें बडनेऱ्यास जातो, गाडी तेथें ठेवतो आणि आगगाडीनें पुढें जातो. मोटारसायकल वीस वर्षांची. ती कोणत्या कारखान्याची हें सांगत नाहीं, कारण दोष कारखान्याचा नव्हता, हें पुढें दिसेलच. त्या थंडींत तिनें एक नवी खोड धरली. चोकाची दांडी ओढावी, हात काढावा, कीं दांडीनें आपण होऊन मागें जावें आणि इंजिनानें चार ठोके देऊन गप्प बसावें. आगगाडी कांहीं कोणाच्या चोकासाठीं खोळंबत नाहीं. तेव्हां पुतण्यानें दांडी सुतळीनें बांधली, आणि दिंडीच्या आंतील बोळांत गाडी चालूं ठेवून तो चहास घरांत येऊं लागला. असें आठ-दहा दिवस चाललें.

त्या बोळाकडे माजघराची खिडकी उघडते व खिडकीखालीं आमच्या वहिनी, म्हणजे त्याच्याच मातोश्री, निजतात. त्यांस पंचाहत्तरावें वर्ष आहे. सकाळीं उठतांना त्यांचें डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें. घरच्या मंडळींनीं पित्त ठरविलें. आमसुलाचें सार झालें, आल्याचा रस झाला. रविवारीं मात्र प्रकृति अगदीं स्वच्छ! "भाऊजी, पित्ताला सुटीचा वार कसा हो कळतो?" असें त्यांनींच मला विचारलें, आणि माझ्या डोक्यांत प्रकाश पडला.

पेट्रोल द्रवरूपांत जळत नाहीं. त्याची वाफ हवेंत मिसळली म्हणजे ती पेटते. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा, हें योग्य प्रमाण. परंतु आमच्या वऱ्हाडांत पौष-माघांतील कांहीं पहांटे उष्णमान १० अंशांच्या आसपास उतरतें. अशा वेळीं बरेंचसें पेट्रोल वाफ न होतां नळीच्या थंड अंगावर थेंबांच्या रूपानें बसून राहतें व ठिणगीपर्यंत पोंचणारें मिश्रण पातळ पडतें. म्हणून आरंभीं पेट्रोलाचें प्रमाण मुद्दाम वाढवावें लागतें. तें काम चोकाचें. कांहीं गाड्यांत एक पडदी हवेची वाट अडविते. कांहींत दांडीनें तार ओढली जाऊन लहानसा दट्ट्या वर उचलला जातो आणि पेट्रोलाची एक निराळी वाट उघडते. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ गळा दाबणें असा आहे. पहिल्या प्रकारास तो शोभतो, दुसऱ्यास मुळींच नाहीं; पण नांवें अशींच रूढ होतात.

आतां, असें दाट मिश्रण पूर्ण जळण्यास हवा पुरत नाहीं. अर्धवट ज्वलनांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु पुष्कळ निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. वहिनींचें पित्त तें हेंच! त्यांस त्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेलें. "वेळीं लक्षांत आलें," एवढेंच ते म्हणाले, पण ज्या स्वरांत म्हणाले त्यानें पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. सुतळी त्यानें तेव्हांच तोडून टाकली. चोक बांधून ठेवल्यानें प्लगावर काजळी धरते आणि जादा पेट्रोल सिलिंडराच्या अंगावरील तेल धुऊन नेतें, हे तोटे आहेतच. परंतु त्या दिवशीं त्यांचा विचार कोणास सुचला नाहीं.

गाडी बडनेरा रस्त्यावरील एका मिस्त्र्याकडे नेली. मीही सोबत गेलों. दट्ट्याच्या डोक्यावर एक स्प्रिंग असते. ती त्यास सदैव खालीं, म्हणजे वाट बंद राहील अशी, दाबते. ओढलेल्या दांडीस धरून ठेवतें तें केवळ घर्षण, आणि तें देते दांडीच्या खिळ्यापाशीं बसविलेली एक चकती. चकती झिजली, स्क्रू ढिला झाला किंवा तेथें तेल शिरलें, कीं स्प्रिंग जिंकते. मिस्त्र्यानें दांडी खोलली, चकतीवरून बोट फिरविलें, तें नाकाशीं नेलें व म्हणाला, "गुरुजी, इथं तेल कोनं टाकलं जी? मंग हे दांडी थांबन कशी?"

तें तेल मींच टाकलें होतें. दिवाळींत शिवणयंत्राची कुपी घेऊन मीं झोपाळ्याच्या कड्या, दारांच्या बिजागऱ्या आणि त्याच उत्साहांत गाडीच्या तारा यांची सेवा केली होती. तारेस तेल देणें योग्यच. पण तें ओघळून चकतीवर गेलें. शिवाय कोरड्या तारेचें घर्षण दांडीस आजवर जो थोडा हातभार लावीत होतें, तोही संपला. संस्कृतांत तेलास आणि प्रेमास स्नेह हा एकच शब्द आहे, हें मीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें आहे. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. तो त्याचा चांगुलपणा.

मिस्त्र्यानें चकती पेट्रोलांत धुऊन कोरडी पुसली आणि स्क्रू पाव फेरा आवळला. पाव फेराच, अधिक आवळल्यास दांडी मागें यावयासच नकार देते. नंतर त्यानें तारेस किंचित् ढिलाई आहे ना, हें पाहिलें. दांडी बंद असतांही तार ताणलेली राहिली, तर दट्ट्या पुरता बसत नाहीं आणि गाडी दिवसभर पेट्रोल पीत राहते. ज्या गाड्यांत चोकाची दांडी कार्ब्युरेटरासच जडलेली असते, तेथें बहुधा तिला खांचेंत अडकविणारी स्प्रिंग मंदावलेली असते आणि इंजिनाच्या हादऱ्यानें दांडी घसरते. तेथें घरीं खटपट करूं नये. आंतील पडदीचा बारीक स्क्रू निसटून इंजिनांत ओढला गेला, तर मोठा खर्च ओढवतो.

आणखी एक गोष्ट मिस्त्र्यानें सांगितली, ती मला फार पटली. अकोल्याच्या वैशाखांत, जेथें पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथेंही एखादी गाडी चोकावांचून चालत नसेल, तर दांडीला दोष देऊं नये. तेथें मिश्रण पातळ पडण्याचें कारण दुसरें असतें : मंद गतीचें बारीक छिद्र, ज्यास हे लोक पायलट जेट म्हणतात, तें कचऱ्यानें बुजलेलें असतें, किंवा कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोडास चीर पडून हवा आंत शिरते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलानेंही जुन्या गाड्या थंडींत अधिक कुरकुरतात, कारण इथेनॉलाची वाफ होण्यास पुष्कळ अधिक उष्णता लागते. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागूं झाल्यावर निघालेल्या बहुतेक गाड्यांत इंधनाचें माप विजेच्या यंत्रणेनें ठरतें, आणि चोकाची दांडीच नाहीं. माझ्या नातवानें चोक हा शब्द या प्रसंगींच प्रथम ऐकला.

दांडी आतां जागेवर राहते. तरीही पुतण्या गाडी बंदच ठेवून दिंडीबाहेर ढकलीत नेतो, रस्त्यावर किक मारतो आणि चहा आधीं घेतो. पहांटे बोळांत चाकांचा आवाज झाला, कीं माजघरांतून वहिनींचा प्रश्न येतो, "गेली का रे बाहेर?" आणि होकार मिळाल्यावरच त्या खिडकी उघडतात. तेलाची कुपी सूनबाईंनीं कोठें ठेवली आहे, तें मला अद्याप कळलेलें नाहीं.