पुण्याचे वाडे कोणी पाडले? #थ्रेड

१/ पेठेतला एखादा वाडा उतरवला गेला की ठरलेले शोकसंदेश येतात: काळाचा महिमा, बदलते पुणे. काळाला दोष देणे सोयीचे असते, कारण त्याला नोटीस बजावता येत नाही. वाड्यांच्या ऱ्हासाला मात्र तारखा आहेत आणि कायद्याची कलमेही.

२/ आधी घडण पाहू. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, विटामातीच्या भिंती, वर कौले. हा सांगाडा शतके टिकतो. लाकडात पाणी मुरता कामा नये, एवढीच अट. म्हणजे पावसाळ्यापूर्वी शाकारणी हवी आणि शाकारणीला दरवर्षी पैसा हवा.

३/ तो कोठून यावा? १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधून टाकले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. परंतु हा तात्पुरता उपाय अर्धशतक चालला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. मूळ भाडेच नगण्य असताना त्याच्या ४ टक्क्यांत कौले कशी येणार? मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि वाडा कोसळला तर जमीन मोकळी! १९६१च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे कितीतरी वाडे नेले हे खरेच. पण उरलेल्यांना या हिशेबाने पोखरले.

४/ ‘लाकडी वास्तू टिकतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी विश्रामबागवाडा पाहावा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८७९च्या आगीत अंशतः जळाला, पुन्हा उभारला गेला आणि आजही बाजीराव रस्त्यावर उभा आहे. तो सार्वजनिक मालकीचा आहे.

५/ आणि भिडेवाडा? १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी जेथे मुलींची शाळा सुरू केली, ती वास्तू खटल्यांत वर्षानुवर्षे कुजत राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडली. कशासाठी, तर स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवे. पण वेळेवर शाकारणी झाली असती, तर ती वास्तूच स्मारक ठरली असती.

६/ वारसा यादी मालकाला ‘पाडू नको’ एवढेच सांगते. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत हस्तांतरणीय विकासहक्काची तरतूद होती, म्हणजे उपाय ठाऊक नाही अशी सबब नको. वाड्याचे न वापरलेले चटईक्षेत्र अन्यत्र विकता यावे, त्यातला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठीच राखून ठेवावा आणि भाडेकरूची खोली त्याच वाड्यात कायम राहावी. पुढच्या वेळी मते मागायला कोणी दारात आले, तर विचारा: आपल्या प्रभागातल्या किती वाड्यांची शाकारणी झाली?