कोरडवाहू मुलखातली धाव



आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर-गंगापूरकडे पहाटे निघालात तर डांबरी रस्त्यावर पोरेपोरी पळताना दिसतील. कुणाला पोलीस भरती गाठायची आहे, कुणाला सैन्य.

कमी पावसाच्या मुलखातूनही चांगले धावणारे निपजले आहेत. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याचाच मुलगा. शाळा सहा किलोमीटरवर, चालत-पळत जाई. बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे त्याच्या धावण्याला वळण लागले. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्याने आणले. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली.

पण नुसते उन्हात तापून धावपटू तयार होत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीमुळे काही तरुण दगावले, हे विसरू नका.

पीक पानांवाटे पाणी सोडून स्वतःला गार ठेवते. ओल संपली की माना टाकते. माणूस घामाने गार होतो. मात्र पीक ओल संपताच कामाचा वेग आवरते. भरतीला उतरलेला मुलगा आवरत नाही. धोका तिथेच आहे.

म्हणून एवढे सांभाळा. सराव पहाटे किंवा दिवस कलल्यावर करावा. उन्हाची सवय अंगी यायला आठ ते चौदा दिवस लागतात; अंतर हळूहळू वाढवावे. ताप, जुलाब किंवा जागरण झाले असेल तर त्या दिवशी पळू नये. उपाशीपोटी चाचणीला पाठवू नका. दोन-तीन तास आधी भाकरी खाऊ द्या. घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजा.

पळताना कुणी बरळू लागला, झोक जाऊ लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

माउलींनो, पोरगी पळते म्हणून तिला हटकू नका. पहाटे निघताना तिच्या हाती पाण्याची बाटली द्या आणि सोबतीला कोण आहे तेवढे विचारा.