बँकेचा धूर

मध्यवर्ती बँकेची कार्ये सांगा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या परीक्षेत हमखास येतो आणि आपण तो हमखास सोडवतो. चलन काढणे, सरकारचा पैसा सांभाळणे, बँकांची बँक होणे, वगैरे वगैरे. या यादीत धुराचा उल्लेख नाही. बँकेला चिमणी नसते, मग धूर येणार कुठून?

लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच शोधले. तिचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांनी २०१५ च्या सप्टेंबरात विमा व्यावसायिकांना बजावले होते की, हवामानबदलाची झळ पुढच्या पिढ्यांना बसेल आणि निर्णय घेणाऱ्यांची नजर मात्र तिथवर पोचत नाही. दुसऱ्यास उपदेश करणाऱ्याने स्वतःची वही उघडलीच पाहिजे. जून २०२० मध्ये बँकेने ती उघडली.

त्या वहीत इमारतींची वीज होती, अधिकाऱ्यांचे प्रवास होते, नोटा होत्या. नोटांची गोष्ट मोठी गमतीची. पाच पौंडांची प्लास्टिकची नोट २०१६ साली आली. प्लास्टिक म्हटले की आपण नाक मुरडतो. पण ही नोट कागदी नोटेपेक्षा कितीतरी अधिक टिकते, म्हणून तिच्या साऱ्या आयुष्याचा कार्बन कागदी नोटेहून सुमारे १६ टक्के कमी भरला!

परंतु खरा धूर होता तिजोरीत. अर्थव्यवस्थेत पैसा खेळता राहावा म्हणून बँकेने २०१६ पासून खासगी कंपन्यांचे कर्जरोखे घेतले होते. २०२० मध्ये त्यांची मर्यादा २० अब्ज पौंडांपर्यंत नेली. या कंपन्यांच्या वाटेने जग चालले, तर शतकाअखेर तापमान ३.५ अंशांनी वाढेल, असे बँकेनेच लिहून ठेवले. पॅरिस कराराची मर्यादा दोन अंशांच्या बरीच खाली आहे. इतका अडचणीचा आकडा आपणहून छापायला धैर्य लागते, हे मान्य केलेच पाहिजे.

यावर समर्थन असे की, बाजारात जसे रोखे असतील तसे आम्ही घेतो, आम्ही तटस्थ. मला हे पटत नाही. रोख्यांच्या बाजारात वीज-गॅसच्या बड्या कंपन्यांचा वाटा आधीच मोठा. झुकलेल्या तराजूत सरळ हाताने माप घातले तरी पारडे झुकणारच. पुढे मार्च २०२१ मध्ये सरकारने हवामानाचे उद्दिष्ट बँकेच्या जबाबदाऱ्यांत घातले आणि त्याच वर्षी रोखे निवडण्याचे नवे निकषही ठरले. ते नीट कसाला लागण्यापूर्वीच महागाई भडकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सारे रोखे काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि २०२३ च्या मध्यापर्यंत विक्री आटोपली. बँकेची वही स्वच्छ झाली खरी. पण ते कागद दुसऱ्याच्या कपाटात गेले, कारखान्याची चिमणी होती तिथेच राहिली. याला उत्सर्जन घटले म्हणावे काय?

आपली रिझर्व्ह बँक एप्रिल २०२१ मध्ये हवामानाचा विचार करणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या जागतिक संघात सामील झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने बँकांनी हवामानाची जोखीम कशी जाहीर करावी याचा मसुदाही काढला. प्रश्न योग्य आहे. तोच प्रश्न मुंबईतल्या तिच्या तिजोरीलाही विचारला जावा, आणि उत्तरात वीजबिलाच्या आधी रोख्यांचा हिशेब यावा, एवढीच माझी मागणी आहे.