नाक्यावरचा इराणी आणि विसळायला न लागलेला कप



१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत आमच्या चुलतबहिणीचेही घर आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत जिची हयात गेली, ती आता ५०० चौरस फुटांच्या घरात राहायला आली. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, खीर झाली, डोळे भरून आले. मग तिचा नातू मला खिडकीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही एवढ्याशा खोलीत राहायचात, तर मित्रांबरोबर बसायचात कुठं?"

मी खिडकीतून नाका शोधू लागलो. जांबोरी मैदान दिसले. पण ज्या कोपऱ्यावर आमचा इराणी होता, तो कोपरा काही ओळखू येईना.

आजच्या मुलांना हे सांगावे लागते की त्या काळी खोली ही बसायची जागाच नव्हती. रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपलेला, एका बाजूला स्टोव्ह, एका बाजूला पाळणा. एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. पुरुषमाणसाने अंघोळ करून बाहेर पडायचे ते झोपायलाच परत यायचे. मैदान, जिना, गॅलरी आणि नाक्यावरचा इराणी, हाच आमचा दिवाणखाना.

इराण्याचे हॉटेल नेहमी कोपऱ्यावर असायचे. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे जुनी माणसे सांगत. संगमरवरी फरशीची टेबले, वाकवलेल्या काळ्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला मोठाले आरसे, गल्ल्याजवळ बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. आरशात बघून केस विंचरू नका, उगाच बसून राहू नका, अशा सूचनांची पाटी. ती पाटी कोणी मानीत नसे, आणि गल्ल्यावरचे शेठही ती कोणाला दाखवीत नसत. ब्रून मस्का, खारी आणि "पानी कम" चहा. खिशात पैसे असले तर ऑम्लेट-पाव.

आमचे आबा १९४६ साली रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले. गावच्या हॉटेलात आपल्या माणसासाठी वेगळी कपबशी वळचणीला खोचून ठेवलेली असे. ती आपणच काढायची, वरून ओतलेला चहा बाहेर बसून प्यायचा, कप विसळायचा आणि पुन्हा खोचून ठेवायचा. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. मुंबईत आल्यावर चाळीतला एक जुना गिरणी कामगार आबांना इराण्याकडे घेऊन गेला. आबा दाराबाहेरच उभे राहिले. हात धरून आत नेले तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसले. चहा पिऊन झाल्यावर उठले आणि सवयीने कप घेऊन नळ शोधू लागले. पोऱ्याने त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाला, "रख दो चाचा, धोनेवाला अलग है."

आबांनी ही गोष्ट आम्हांला किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेचे सांगतानाही ते आधी त्या कपाचे सांगत. ते म्हणत, "बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं. पण मी माणूस आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या पोऱ्यानं कप काढून घेतला तेव्हा."

या गोष्टीचे मोल कळायला रस्त्यापलीकडची गिरणी आठवावी लागते. गिरणीत विणाईच्या खात्यात पगार चांगला होता, पण ते खाते आपल्या माणसाला बंद होते. धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा आम्ही तोंडात धरणार नाही, असे इतर विणकरांचे म्हणणे. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला, तो कामगार पुढाऱ्यांना अवघड वाटला तरी. आता बघा, भोंगा वाजला की तोच विणकर आणि तोच रिंग खातेवाला रस्ता ओलांडून इराण्याकडे येत, आणि दिवसभरात शंभर ओठांना लागलेल्या त्याच कपांतून चहा पीत. धाग्याला विटाळ, कपाला नाही!

म्हणून इराणी देवमाणूस होता असे मी म्हणणार नाही. १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्या पारशांनीच बाहेर काढले, हे आपण विसरू शकत नाही. आमच्या शेठला समतेचे तत्त्वज्ञान ठाऊक होते की नाही कोण जाणे. त्यांचा हिशेब साधा होता: ज्याने पैसे दिले त्याला चहा. पण हजारो वर्षे आपल्या हातचे पैसेही पाणी शिंपडून घेतले गेले, तिथे एवढा साधा हिशेबही मोठा होता. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. ते कलम वाचताना मला नेहमी नळ शोधणारे आबा दिसतात.

इराण्याकडे नुसता चहा नव्हता. एक वर्तमानपत्र पाने सुटी करून चार टेबलांवर फिरे. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. गावाकडची पत्रे तिथे लिहिली जात, मनीऑर्डरचे फॉर्म भरले जात. माझ्या शिष्यवृत्तीचा अर्ज एका पोस्टातल्या कारकुनाने त्याच टेबलावर भरून दिला, एका कटिंगच्या मोबदल्यात. चौदा एप्रिलची वर्गणी, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांच्या जेवणाची सोय, सगळे तिथेच ठरे. १९७२ साली दलित पँथर निघाली तेव्हा आमच्या टेबलावरचा आवाज एकदम वाढला. शेठ गल्ल्यावरून म्हणत, "धीरे बोलो बाबा, कप फूटेगा."

मग जानेवारी १९७४ आली. वरळीत दंगल पेटली. चाळींवरून दगड, सोडावॉटरच्या बाटल्या. १० जानेवारीच्या मोर्चात डोक्यात दगड पडून भागवत जाधव शहीद झाले. कित्येक दिवस हॉटेलची फळी बंद होती. उघडले तेव्हा कप तेच होते, पण टेबले वेगळी झाली होती. ज्यांच्याबरोबर वर्तमानपत्राचे पान वाटून घेतले, ते समोरच्या कोपऱ्यात पाठ करून बसले. तेव्हा मला कळले की एका कपातून चहा प्यायल्याने जात जात नाही. ती फक्त दाराबाहेर वाट पाहात बसते.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे सगळे वैभव पुरुषांचे होते. आमच्या आईने तो नाका रोज ओलांडला, पण आत पाऊल टाकले ते एकदाच. बायाबापड्यांचा अड्डा चाळीच्या गॅलरीत. तिथे तांदूळ निवडता निवडता भिशी चाले, भांडणे मिटत. वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचन होई. १९७३ साली मी मॅट्रिक झालो तेव्हा आबांनी हट्टाने आईला इराण्याच्या फॅमिली रूममध्ये नेले. ती अंग चोरून बसली. चहा संपला तसा तिने पदराने कप पुसायला घेतला. आबा हळूच म्हणाले, "ठेव गं. धुणारा वेगळा हाय." आई हसली, आणि मग कितीतरी वेळ तिने मान वर केली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. आबा दोन-दोन तास एका चहावर बसत, तोही दोघांत. शेठ उधारीच्या वहीत लिहून घेत, मागत नसत. पण कामगारच उरला नाही तर त्याचे हॉटेल कसे उरणार? जागेचे भाव वाढले, इराण्यांची मुले शिकून परदेशी गेली. आमच्या हॉटेलचा आधी बिअर बार झाला. जिथे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले, तिथे आपलीच पोरे पंचशीलाचे पाचवे शील मोडू लागली. मग तोही गेला. मुंबईत आज मोजके इराणी उरले आहेत. धोबीतलावचे १९०४ सालचे कयानी अजून आहे, पण तिथे आता हौशी मंडळी फोटो काढायला जातात.

आज नाक्यावर थंडगार कॉफीची दुकाने आहेत. तिथे जात कोणी विचारीत नाही, हे खरे. पण एका कॉफीत आपल्या घरची दोन दिवसांची भाजी येते. दारातला रखवालदार, जो बहुतेक आपल्यातलाच असतो, चपलांकडे बघतो. एका कॉफीवर दोन तास बसायची आणि शेजाऱ्याकडून अर्ज भरून घ्यायची ती जागा नव्हे.

मी रडायला बसलेलो नाही. चाळ गेली, घर मोठे झाले, मुलीला अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळाली, हा आनंदच आहे. पण नव्या घराला दार आहे आणि ते बंद असते. आपला समाज बंद दाराआड पुढे आला नाही. तो चारचौघांत वाचून, ऐकून, भांडून पुढे आला.

म्हणून ज्यांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या किंवा मिळणार आहेत, त्यांना एक विनंती. सोसायटीच्या पहिल्या सभेत लेखी मागणी करा: इमारतीत एक वाचनाची खोली हवी. चार वर्तमानपत्रे वर्गणीने घ्या. आठवड्यातून एक संध्याकाळ शिकलेल्यांनी तिथे बसावे आणि शिष्यवृत्तीचे, पेन्शनचे, रेशनकार्डाचे फॉर्म भरून द्यावेत. शेजारच्या मजल्यावरचा कोणत्याही जातीधर्माचा येवो, त्याला खुर्ची द्या. आणि त्या खोलीत पहिली खुर्ची आपल्या आयाबहिणींची असू द्या. इराण्याकडे जे त्यांना मिळाले नाही, ते इथे मिळाले पाहिजे.

चहा घरूनच न्या. कप मात्र सगळ्यांनी मिळून धुवा.

जयभीम!