नवी थेरपी खारघरला, पण सीबीसी तळोज्यात

"डॉक्टर, टाटामध्ये नवीन इंजेक्शन आलंय म्हणे. एकदा दिलं की कॅन्सर जातो?"

हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. कोणी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कोणीतरी आजारी असतं. म्हणून आज जरा सविस्तर उत्तर देतो.

हे 'इंजेक्शन' म्हणजे कार-टी सेल थेरपी. आपल्या रक्तातल्या टी पेशी शरीरात गस्त घालत असतात, परकं काही दिसलं की त्यावर तुटून पडतात. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीरातली असल्याने त्यांना चकवते. या उपचारात पेशंटच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. त्यामुळे 'सीडी 19' ही खूण असलेली पेशी त्यांना ओळखता येते. मग या पेशींची संख्या वाढवतात आणि थोडी केमो देऊन त्या सलाइनसारख्या पुन्हा शरीरात सोडतात. म्हणजे हे औषध दुकानात मिळत नाही. प्रत्येक पेशंटचं औषध त्याच्याच रक्तातून बनतं.

अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला 2017 मध्ये मंजुरी मिळाली. किंमत होती 4 लाख 75 हजार डॉलर. भारतातली पहिली कार-टी थेरपी 4 जून 2021 रोजी दिली गेली, तीही आपल्या शेजारी, खारघरच्या टाटा मेमोरियलच्या 'अ‍ॅक्ट्रेक' केंद्रात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या 'नेक्सकार 19' या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे 40 लाखांच्या आसपास आला. याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता दुसरी बाजू. हा उपचार सगळ्या कॅन्सरवर नाही. स्तनाचा, तोंडाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर यात येत नाही. बी पेशींपासून होणारे काही ल्युकेमिया आणि लिम्फोमा, तेही नेहमीच्या उपचारांना दाद न देणारे किंवा पुन्हा उलटलेले, एवढ्यांसाठीच तो आहे. 2025 मध्ये 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी'त आलेल्या अभ्यासात तपासता आलेल्या 51 पेशंटपैकी 73 टक्के जणांना गुण आला. इतर उपाय थकलेल्यांसाठी हा आकडा मोठाच आहे. पण काहींचा आजार पुन्हा उलटतो आणि काहींना तीव्र ताप, रक्तदाब कोसळणं असे गंभीर त्रासही होतात.

थोडक्यात, ही शिडीची शेवटची पायरी आहे. तळोज्यात आपण अडखळतो ते पहिल्या पायरीवर.

गेल्या वर्षीची गोष्ट. एमआयडीसीत कंत्राटावर पॅकिंगचं काम करणारा 19 वर्षांचा मुलगा. पाच आठवडे ताप येत-जात होता. तीन दवाखाने झाले. कुठे सलाइन, कुठे 'ताकदीचं' इंजेक्शन, कुठे स्टेरॉइडच्या गोळ्या. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. अखेर हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा सीबीसी केली. हिमोग्लोबिन 6, प्लेटलेट्स 18 हजार, रिपोर्टवर 'ब्लास्ट' पेशी. ल्युकेमिया.

त्या तीन दवाखान्यांपैकी दुसरा माझाच होता. रांग मोठी होती, व्हायरलची साथ होती आणि तो म्हणाला होता, "खाडा झाला तर पैसे कापतात, लवकर सोडा." मी सोडलं. दोन-तीनशे रुपयांची तपासणी तेव्हाच लिहून दिली असती तर त्याचे तीन आठवडे वाचले असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नव्या थेरपीचं कौतुक करताना आपण दोन गोष्टी मागायला हव्यात.

एक, किंमत. या उपचाराच्या सुरुवातीच्या चाचण्यांना केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून 19.15 कोटींचं साहाय्य मंजूर झालं होतं. तो जनतेचा पैसा. महात्मा फुले योजनेचं संरक्षण मात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतच आहे. 5 आणि 40 मधलं अंतर कंत्राटी कामगाराने घर विकून भरायचं का? ज्यांना खरंच उपयोग होईल अशा मोजक्या पेशंटसाठी सरकारने वेगळा निधी ठेवला पाहिजे.

दुसरी मागणी आम्हा डॉक्टरांकडे आणि तुमच्याकडे. या आजारांवर नेहमीची केमो वेळेवर आणि पूर्ण घेतली तर अनेकजण बरे होतात, विशेषतः लहान मुलं. त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत जावंच लागत नाही. त्यासाठी एवढं लक्षात ठेवा:

– ताप दोन आठवड्यांहून जास्त राहिला, विनाकारण काळे-निळे डाग पडले, हिरड्यांतून रक्त आलं किंवा चेहरा पांढराफटक पडला, तर सीबीसी करा. डॉक्टरांनी सांगितली नाही तर तुम्ही विचारा.

– मान, काख, जांघेतली गाठ महिनाभरात गेली नाही तर 'टीबीच असेल' असं धरून औषध सुरू करू नका. आधी गाठीचा तुकडा तपासा. लिम्फोमात सीबीसी अगदी नॉर्मल येऊ शकते.

– निदान झाल्याशिवाय स्टेरॉइड घेऊ नका. त्याने गाठ काही दिवस विरते, ताप उतरतो आणि खरा आजार झाकला जातो.

तो मुलगा आता नेहमीच्या केमोवर आहे. बोन मॅरोचा रिपोर्ट सध्या स्वच्छ आहे, उपचार अजून बराच काळ चालतील. परवा त्याची आई आली होती. तिनेही तोच प्रश्न विचारला, "ते नवीन इंजेक्शन याला द्यायचं का?" मी म्हटलं, "ताई, आज त्याची गरज नाही. चालू उपचाराची एकही तारीख चुकवू नका."

तेव्हापासून माझ्या टेबलावर सीबीसीचे फॉर्म वरच ठेवलेले असतात.