पगाराची गुप्तता कोणाच्या सोयीची?

खासगी नोकरीच्या नेमणूकपत्रात अनेकदा एक अट आढळते : आपल्या वेतनाची वाच्यता सहकाऱ्यांजवळ करू नये. सभ्यतेच्या नावाखाली ती खपूनही जाते. ‘पगार विचारू नये’ हा शिष्टाचार आपल्या मध्यमवर्गात इतका मुरला आहे, की त्याचा लाभ कोणाला होतो हे पाहण्याची गरजच कोणास वाटत नाही. मालकापुढे साऱ्यांचे आकडे उघडे असतात. कामगाराला मात्र केवळ स्वतःचा आकडा ठाऊक. याला वाटाघाट तरी कसे म्हणावे?

गुप्ततेची ही सबब वरच्या थरात केव्हाच निकालात निघाली आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ अन्वये सरकारी कचेरीने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन आपण होऊन प्रसिद्ध करावयाचे असते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला, प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे, हे २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार जाहीर करावे लागते. त्यामुळे ना राज्यकारभार अडला, ना भांडवल पळाले. झाकलेला राहतो तो शेजारच्या यंत्रावरील कंत्राटी मजुराचा पगार.

आकडे शेजारी-शेजारी मांडले की काय घडते, हे मुंबईने पाहिले आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांहून कमी वेतन मिळे. ऑड्री डिकॉस्टा यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. स्त्रियांची वर्गवारी वेगळी, हा कंपनीचा बचाव टिकला नाही. आर्थिक अडचणीची सबबही नाही. दुसरा बचाव मात्र आपल्याला झोंबणारा होता : हे वेतन कामगार संघटनेशी झालेल्या करारानेच ठरले आहे! न्यायालयाने तोही फेटाळला. आपल्या संघटनांनी तो विसरता कामा नये.

२०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. श्रमसंहितांना आपला विरोध आहे आणि तो राहील. परंतु हिच्याच कलम ५० मध्ये, वर्गवार वेतनदर दर्शनी जागी फलकावर लावण्याचे बंधन मालकावर घातले आहे. विरोध करावयाचा म्हणून हाती आलेले हत्यार टाकून देणे हा शहाणपणा नव्हे. उणीव आहे ती ‘वर्गवार’ या शब्दात. एकाच कामाला दोन नावे दिली की दोन वर्ग तयार होतात. ‘मदतनीस’, ‘शिकाऊ’ म्हणून वर्षानुवर्षे पूर्ण कामगाराचे काम करणारी माणसे कोणत्या औद्योगिक वसाहतीत नाहीत? म्हणून दराबरोबरच त्या वर्गाचे प्रत्यक्ष कामही फलकावर लिहिले जावे, ही मागणी आपण पुढच्या प्रत्येक मागणीपत्रात घातली पाहिजे.

तूर्त, येत्या पगारवाटपापूर्वी कार्यकर्त्यांनी आपापल्या कारखान्यातील फलक पाहून यावा. नसल्यास लेखी मागणी करावी. असल्यास त्याची नक्कल करून घ्यावी, आणि कंत्राटदाराच्या माणसांचे दर त्यावर आहेत की नाहीत, हे सर्वांआधी तपासावे.