डब्ल्यूएमएमची टिक काढू नका राव!

होस्टेलात एक मंत्र सीनिअरकडून ज्युनिअरकडे चालत आलाय. नेट रडायला लागलं की रूममधल्या राउटरच्या सेटिंगमध्ये जा आणि 'डब्ल्यूएमएम' बंद कर, स्पीड वाढतो! माझ्या मते हा मंत्र साफ खोटा आहे.

वाय-फाय अलायन्सने २००४ मध्ये आणलेली ही सोय पॅकेटच्या चार रांगा लावते : आवाज, व्हिडिओ, साधा डेटा आणि मागे चालणारी डाउनलोडसारखी कामं. हवा सगळ्यांची एकच, म्हणून प्रत्येक जण पाठवण्याआधी थोडं थांबतो. लॅपटॉप-मोबाइलच्या नेहमीच्या आकड्यांनुसार साधा डेटा पहिल्या खेपेला ० ते १५ मधला एक आकडा काढून तितके स्लॉट थांबतो, आवाज फक्त ० ते ३ मधला. म्हणून शेजारी कोणी सिनेमा उतरवत असला तरी तुमच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत 'हॅलो सर, ऐकू येतंय का?' कमी वेळा म्हणावं लागतं. प्लेसमेंटच्या दिवसांत ही काही छोटी गोष्ट नाही.

टिक काढली की काय होतं? २००९ च्या ८०२.११एन पासूनचे वरचे वेग या सोयीवरच उभे आहेत. ती गेली की बरेच राउटर थेट ५४ एमबीपीएसवर येतात. घ्या स्पीड!

काही हुशार मंडळी उलटं करतात, सगळंच 'आवाज' म्हणून पाठवतात. पण चारच आकड्यांतून वीस जणांनी निवडायचं म्हटलं तर टक्कर होणारच. मेसच्या रांगेत सगळेच 'पेशंट' म्हणून पुढे घुसले तर खऱ्या तापवाल्याला ताट कधी मिळणार?

अर्थात ही टिक म्हणजे जादू नव्हे. कॉरिडॉरच्या टोकाचा मोबाइल १ एमबीपीएसवर रखडत असेल तर त्याचं १५०० बाइटचं एक पॅकेट १२ मिलिसेकंद हवा अडवतं. ५४ वर तेच काम पाव मिलिसेकंदात उरकतं. तिथे रांगा लावून भागत नाही. शिवाय बाहेरून येणाऱ्या पॅकेटवरचा 'आवाज' हा शिक्का वाटेत पुसला गेला, तर आपला अ‍ॅक्सेस पॉइंट त्याला साध्या रांगेतच ढकलतो.

म्हणून नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना विनंती : १ आणि २ एमबीपीएसचे जुने वेग बंद करा, आधी टोकाच्या खोल्यांजवळ एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावा आणि कॉलच्या पॅकेटवर गेटवेलाच पुन्हा शिक्का मारा.